पात्रांवांचा फोन आणि माझी लघवीची पिशवी

कमोडच्या बाजूला एक चकचकीत मूठ होती. मला वाटलं, पाणी सोडायची ती हीच. फिरवली.

ती नव्हती.

आमच्या कोरगावच्या घरी बादली आणि तांब्या. त्यात चुकायला वाव नाही. इथं मूठ फिरवली तर कमोडच्या आतून एक धार सरळ वर उठली आणि माझ्या छातीवर बसली. मी बाजूला झालो, तर मागची भिंत भिजायला लागली. भिंतीवर एक चित्र लावलेलं. मालकाचं चित्र वाचवायला मी परत धारेसमोर येऊन उभा राहिलो. मूठ उलटी फिरवायची, तर घाबरून सुलटीच आणखी फिरवली. कशीबशी बंद झाली तेव्हा माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मवर कोरडी म्हणावी अशी फक्त कॉलर उरली होती.

दार उघडलं. समोर बाल्कांव, म्हणजे बंगल्याची पुढची बैठक. तिथं रविवारचे पाहुणे बसलेले. पणजीचे. त्यांना सकाळी मीच घेऊन आलो होतो. कुणाच्या हातात बियर, कुणाच्या हातात तळलेला मासळीचा तुकडा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आधी तोंडाकडे. मग खाली.

एका बाईंनी नाकाला रुमाल लावला.

ते पाणी होतं हो. डिचोलीच्या नळाचं पाणी. ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगितलं नाही, कारण दार लावता लावता, मूठ सापडायच्या आधी, थोडं माझंही झालं होतं. त्यात टाकीचं किती आणि माझं किती, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

पात्रांव वेताच्या खुर्चीत होते. पात्रांव म्हणजे माझे मालक. पाळी गावच्या खाणीवरून माल ओढणारे ट्रक त्यांचे. मी ट्रकवर नाही, घरच्या गाडीवर. इतर ड्रायव्हरांना वाटायचं मी सुखात आहे. मलाही वाटायचं.

पात्रांवांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "इतलो व्हड घोडो जालो, आनी अजून चड्डेंत मुतता?"

हसले. सगळे. मीसुद्धा हसलो. हे लिहिताना हात अडतो, पण मी हसलो. मालकानं विनोद केला की हसायचं, ही माझ्या तोंडाला लागलेली सवय. तोंड मला विचारत नाही.

पात्रांवांच्या बायकोला आम्ही सगळे वयनी म्हणतो. वयनी आतून आल्या. त्यांनी काम करणाऱ्या बाईला हाक मारली, फिनेल आणायला सांगितलं. "आख्खी बाटली ओत," म्हणाल्या. मग मला, "तुका भायर जागो नाशिल्लो?"

बाहेर जागा नव्हती का.

नव्हती. हेच तर. बंगल्यामागं काजीचं, म्हणजे काजूचं, रान होतं. वर्षानुवर्षं मी तिथंच जायचो. समोरच्या बंगल्याचा ड्रायव्हर विष्णू, तोही तिथंच. माळी, कुंपणाला रंग देणारे, सगळे. काजीनं कधी तक्रार केली नाही. यंदा तो प्लॉट विकला गेला आणि भिंत उभी राहिली. वर काचांचे तुकडे. आता ड्रायव्हरानं जायचं कुठं, हा प्रश्न बंगल्यात कुणाला पडला नाही. कुत्र्यासाठी मात्र बागेत एक कोपरा ठेवला होता. मी एकदा त्या कोपऱ्याकडे फार वेळ बघत उभा होतो. कुत्रा गुरगुरला.

हे सगळं वयनींना सांगता आलं असतं. मी म्हणालो, "सॉरी वयनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसत होतो. वयनी खाली आल्या. हातात घडी घातलेलं काहीतरी. दोन बोटांत धरलेलं. लहान मुलांच्या खाली घालतात ते रबराचं कापड. त्यावर पिवळी बदकं छापलेली.

"सीट लेदराची," म्हणाल्या. "हें घाल."

मी ते घेतलं. "देव बरें करूं," म्हणालो. आमच्याकडे आभार असेच मानतात. मग ते रबर सीटवर पसरलं, कडा नीट खोचल्या आणि त्या बदकांवर बसून पात्रांवांना बँकेत घेऊन गेलो. मागच्या सीटवरून पात्रांव म्हणाले, "आतां कसलेंच टेन्शन ना!" मी आरशात बघून हसलो.

पन्नाशी ओलांडलेला माणूस. लेकीचं लग्न झालेलं. जावई मला बघून उठून उभा राहतो.

आता माझ्या दुखण्याचं सांगतो. दुखत काहीच नव्हतं. वर्षभर एवढंच व्हायचं, की लागली की लागली. आधी चाहूल नाही, काही नाही. एकदम. जसं कुणी आतून दारावर लाथ मारावी. अस्नोड्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो की घाम फुटायचा. घराचं फाटक दिसलं की घाई दुप्पट. कधी पोचायचो, कधी थोडक्यात हुकायचं. मी काळी पँट मागून बघितली होती. पात्रांवांना पांढराच युनिफॉर्म हवा होता.

पाणी पिणं मी कधीच सोडलं होतं. ड्युटीवर पाणी प्यायचं नाही, हे ड्रायव्हर लोकांत कुणी शिकवत नाही, आपोआप येतं. उन्हाळ्यात ओठ फुटले तरी बाटली सीटखाली तशीच. आणि गाडी कुठं थांबली, आडोसा दिसला, की जाऊन यायचं. लागलेली असो नसो. कारण पुढं कधी थांबू, हे आपल्या हातात नसतं.

डॉक्टरकडे गेलो नाही. भीती. माझ्या थोरल्या काकांना म्हातारपणी नळी लावली होती. ती लावली ती लावलीच. कमरेला पिशवी. काका अंगणात बसायचे तेव्हा पिशवीवर टॉवेल टाकायचे. टॉवेलाखाली काय आहे ते अख्ख्या वाड्याला ठाऊक. पोरं लांबून खेळायची. काका गेले तेव्हा मी त्या पोरांतलाच एक होतो. माझ्या डोक्यात मरण म्हटलं की चिता येत नाही. टॉवेल येतो.

म्हणून मी बदकांवर बसून राहिलो. बदकं बरी, नळी नको.

प्रकरण उघडं पडलं ते माझ्याच अकलेनं. रबराला वास मारायला लागला, तर मी ते घरी आणलं आणि गुपचूप धुवून मागच्या दोरीवर टाकलं. गुपचूप म्हणजे चादरींच्या मध्ये. शेजारीण पाणी भरायला आली, तिनं बदकं बघितली आणि आमच्या हिला मिठीच मारली. "सांगूक नाय गो! चेडवाक दिवस गेले? नातू येतलो?"

ही आत आली. ही म्हणजे माझी बायको. सावंतवाडीकडची, मालवणी बोलणारी. आवाज चढवत नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते.

"ह्या कोणाचा?"

"पात्रांवांच्या नातवाचं. धुवून मागितलं."

"पात्रांवांचो नातू दुबयत आसा. थयसून हयसर मुतता तो?"

ती रबर हातात घेऊन उभी. मग तिनं सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. मूठ, धार, चित्र. चित्राच्या गोष्टीला ती हसेल असं वाटलं होतं. मी ती गोष्ट तशीच रंगवून सांगितली, हात करून. ती हसली नाही. बाहेर गेली, ते रबर कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलं आणि वर दगड ठेवला.

"फाल्यां डॉक्टराकडे," म्हणाली. फाल्यां म्हणजे उद्या.

पेडण्याच्या सरकारी दवाखान्यात लघवी तपासली, साखर तपासली. काही नाही. सोनोग्राफी केली. काही नाही. काही निघत नाही म्हटल्यावर माणसानं सुटकेचा श्वास टाकावा. मी आणखी घाबरलो. काही नसेल तर हे आहे काय? मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई बोलण्यावरून साखळी गावाकडच्या वाटल्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, लघवीची पिशवी भरताना नेमकी कशी वागते ते बघूया. तपासणीचं नाव युरोडायनॅमिक. मला वाटलं मशीन बाहेरून लावत असतील, ईसीजीसारखं.

"बारीक नळी घालावी लागते," त्या म्हणाल्या.

मी टॉवेल बघितला. खरंच. त्यांच्या टेबलावर कुठंही नसलेला टॉवेल.

"काढता ना परत?" मी विचारलं.

"काढतो हो. अर्ध्यापाऊण तासात. आमच्याकडे नळ्या मोजक्या आहेत."

ही त्यांची गंमत होती. मला ती घरी पोचल्यावर कळली.

तपासणीच्या दिवशी पात्रांवांना सांगितलं की मेव्हण्याकडे कार्य आहे. हॉस्पिटल म्हटलं असतं तर कसलं, काय, कुठं, हे सगळं बाल्कांवात चघळलं गेलं असतं. पात्रांव म्हणाले, फोन चालू ठेव.

सांगितलं होतं, पिशवी भरलेली घेऊन या. मी वाटेत म्हापशाला एकदा गेलो. हॉस्पिटलच्या फाटकाशी एकदा. आत आल्यावर, तपासणीच्या खोलीत जायचं म्हणून, शिस्त म्हणून, आणखी एकदा. मोठ्या माणसासमोर जाण्याआधी रिकामं होऊन जायचं, हेच आयुष्यभर केलेलं.

सिस्टर म्हणाली, "रिकामे आलात?"

"सिस्टर, सवय..."

"बसा आता. पाणी प्या. अजून प्या."

मी बाटली तोंडाला लावली. भीतीनं घोट उतरेना. किती वर्षांत मला कुणी ड्युटीच्या वेळात पाणी पी असं सांगितलं नव्हतं. बाजूला बायको बसलेली. ती म्हणाली, "पियात. हयसर कोण ओरडाचा नाय."

आधी नुसती लघवी करायची होती, एका नरसाळ्यात. खाली मशीन. ते धार मोजतं. दार लावून सगळे बाहेर गेले. आयुष्यात पहिल्यांदा लघवीसाठी इतका मान मिळाला, आणि झालीच नाही. रोज न बोलावता येणारी, त्या दिवशी बोलावून येईना. नळ सोडून उभा राहिलो तेव्हा कुठं आली.

मग ती खुर्ची. मध्ये भोक, खाली मापाचं भांडं. बायकोला बाहेर बसवलं. सिस्टरनं औषध लावून जागा बधिर केली. नळी शेवयीहून जरा जाड. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, देवाला असल्या ठिकाणी बोलवावं की नाही म्हणून परत सोडलं. आग झाली. थोडी. मला वाटली होती त्यापेक्षा फारच थोडी. मग दुसरी नळी मागच्या बाजूनं. आता लपवायला उरलं काय होतं.

दात वाजत होते. खोलीत एसी होता, पण ते एसीनं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. "बघा. या तीन रेघा. पहिली पिशवीतला दाब. दुसरी पोटातला. तिसरी म्हणजे दोन्हींची वजाबाकी. आता खोकला."

मी खोकलो. वरच्या दोघींनी उडी मारली. तिसरी झोपलेली.

"खोकल्यानं पोट दाबतं, म्हणून दोघी उठल्या. पिशवीनं स्वतःहून उडी मारली तर तिसरी उठणार. आपल्याला तिलाच पकडायचंय. आता हळूहळू पाणी भरते. काही वाटलं की सांगा."

पाणी चढायला लागलं. गार. पोटात, खाली, एक गार चेंडू. मी रेघेकडे बघत होतो. तिसरी रेघ सरळ जात होती. एकदा थोडी थरथरली, परत बसली. मला वाटलं, बरं आहे की. सरळ आहे की माझं.

तेवढ्यात फोन वाजला.

पँट भिंतीच्या खुंटीला होती, फोन पँटच्या खिशात. पात्रांवांसाठी मी वेगळी रिंग ठेवली होती. जुन्या काळ्या फोनची घंटी. कर्कश. चुकू नये म्हणून.

आणि ती रेघ उठली.

मी हललो नव्हतो. खोकलो नव्हतो. पोटाची रेघ आडवीच होती. पहिलीबरोबर तिसरीही उठली, वर, वर, डोंगर झाला. आणि खाली ती लाथ बसली. मी म्हणालो, "डॉक्टर, उचलू काय?" दोन्हीकडून नळ्या घातलेल्या, अंगावर अर्धी चादर, आणि मी उठायला बघतोय. सिस्टरनं खांदा दाबून धरला. "बसा हो काका! खंय चलल्यात?"

खाली भांड्यात टपटप आवाज आला. माझाच.

"गळलं," मी म्हणालो. "सॉरी. सॉरी."

डॉक्टरबाई पडद्याकडे बघत होत्या. "गळू द्या. तेच तर बघायचंय. सॉरी कशाला?"

कुणी हसलं नाही. मी दोघींची तोंडं बघितली. कुणी नाकाला काही लावलं नाही.

घंटी थांबली. रेघ खाली आली. डॉक्टरबाईंनी थांबून परत पाणी सुरू केलं. रेघ सरळ. माझा श्वास जागेवर येतोय न येतोय, तोच परत घंटी.

परत डोंगर.

सिस्टर फोन बंद करायला निघाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "राहू दे." त्या एकदा पँटकडे बघत होत्या, एकदा पडद्याकडे. घंटी थांबेपर्यंत खोलीत तेवढाच आवाज. घंटी, आणि भांड्यात टपटप.

"कुणाचा फोन?"

"मालकांचा."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मग परत भरलं, परत बघितलं, शेवटी नळ्या काढल्या. काढल्या! दोन्ही. मी मोजून घेतल्या.

नंतर आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं. अडथळा नाही. धार चांगली. बाकीचे रिपोर्टही स्वच्छ आहेत. पिशवी अतिचपळ झालीय. थोडी भरली की भरली समजून आवळते, तुमची परवानगी न घेता.

"फोनमुळं?" मी विचारलं.

"फोनच कारण, असं मी म्हणणार नाही. मध्ये एकदा फोन नसतानाही ती उठू बघत होती. पण कुणाची पिशवी नळाचा आवाज ऐकून उठते, कुणाची दाराला किल्ली लावताना. तुमची कशानं उठते ते आपण बघितलं. फोन आला की तुम्ही काय करायचात?"

मी विचार केला. विचार करायची गरज नव्हती. फोन आला, गाडी काढ म्हणाले, की आधी काजीत पळायचं, मग गाडीकडे. पुढं कधी मिळेल ठाऊक नाही. रोज. इतकी वर्षं. घंटी आणि काज. घंटी आणि काज. काज तोडली. घंटी राहिली.

गोळी लिहून दिली. तोंडाला कोरड पडेल, पोट साफ होणार नाही, तसं झालं तर येऊन सांगा म्हणाल्या. पण गोळी सगळं करणार नाही. पाणी प्यायचं, दिवसभर, थोडंथोडं. चहा कमी. लागली नसताना जायचं नाही. "आणि एकदम लागली तर पळू नका. पळालात की ती जिंकते. जागेवर उभे राहा. खालचे स्नायू आवळा, सोडा, आवळा. लाट येते, वर जाते, उतरते. उतरली की चालत जा. सुरुवातीला जमणार नाही. जायला जागा जवळ हवी. कामावर आहे ना सोय?"

"आहे," मी म्हणालो.

"नाय," बायको म्हणाली. "खोटा सांगतत, डॉक्टर. नाय आसा."

बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो. फोनवर पात्रांवांचे न घेतलेले कॉल. राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाटली. नळीची नव्हे, ती गेली होती. वेगळीच.

माझे वडील कोरगावच्या भाटकारासमोर, म्हणजे जमीनदारासमोर, चपला काढून उभे राहायचे. मी पात्रांवांसमोर चपला काढत नाही. बूट घालतो, पॉलिश केलेले. म्हणून मला वाटायचं मी सुटलो. मान खाली जाते ते ठाऊक होतं. खोटं हसू येतं तेही ठाऊक होतं. पण कातडीच्या आत, मांसाच्या आत, जिथं माझा स्वतःचा हात पोचत नाही, तिथंही पात्रांव हुकूम सोडतात आणि तिथलं कुणीतरी मला न विचारता उठून उभं राहतं, हे ठाऊक नव्हतं. ते मी पडद्यावर बघितलं. हिरव्या रेघेत. ते बघितल्यावर माणसानं घाबरू नये तर काय करावं?

बायकोनं विचारलं, "दुखता काय?"

"नाही."

"मगे असे कित्याक बसलात, कोणी मेल्यासारखे?"

दुसऱ्या दिवशी डिचोलीला गेलो. पात्रांवांचा मुलगा दुबईहून यायचा होता, मोपाला विमानतळावर जायचं होतं. बाल्कांवात पात्रांव चहा पीत होते. वयनी बाजूला.

"काल फोन कित्याक घेतलो ना?"

"हॉस्पिटलांत आशिल्लों."

"मेव्हण्यागेर म्हणून सांगिल्लें न्हय रे तुवें?"

आणि लागली. एकदम. लाथ. मूठवाल्या त्याच गेस्ट बाथरूमचा दरवाजा माझ्यापासून चार पावलांवर. त्याला नवीन कुलूप लावलेलं. पाय वळायला लागले, कुठं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. भिंतीकडे, गाडीकडे, कुठंही. पळ. पळ.

मी पळालो नाही.

उभा राहिलो. आवळलं. सोडलं. आवळलं. पात्रांव बोलत होते. खोटारडेपणा, विश्वास, असं काहीतरी. मला शब्द ऐकू येत नव्हते, फक्त तोंड हलताना दिसत होतं. घाम कानामागून उतरत होता. लाट वर चढली. आता सांडणार, इथं, यांच्यासमोर, पुन्हा, असं वाटलं. तशी सांडली असती तर सांडली असती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. इतका वेळ मी त्यांच्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं. वरच्या ओठाला चहाची साय लागली होती.

लाट उतरली.

थोडी. पुरेशी.

"पात्रांव," मी म्हणालो. माझा आवाज बारीक झाला होता, पोरीसारखा. "म्हाका मुतपाक जागो जाय. बंगल्यांतलो. आनी वाटेर लागली जाल्यार हांव गाडी थांबयतलों. तुमी भितर आसल्यार लेगीत." जागा हवी, आणि वाटेत लागली तर गाडी थांबवणार, ते आत बसलेले असले तरी.

पात्रांवांनी कप खाली ठेवला. वयनी म्हणाल्या, "तें रबर दिल्लें तें खंय?"

"कोंबयांच्या घरार."

"पळय! आमी हाका घरच्यासारको वागयलो!" पळय म्हणजे बघ, हे पात्रांवांना.

"घरचीं मनशां खंय वतात, वयनी?"

घरची माणसं कुठं जातात, हे मी विचारलं. मलाच खरं वाटेना. वयनी कुलपाकडे बघत नव्हत्या, पण कुलूप त्यांच्या मागंच होतं.

पात्रांव हसले. त्या रविवारसारखं नाही, नाकातून. "आनी ना म्हळें जाल्यार?"

नाही म्हटलं तर? इथं शूर माणूस काहीतरी मोठं बोलला असता. माझ्या डोक्यात कोरगावचं घर आलं, गोळ्या आल्या, पन्नाशीच्या ड्रायव्हरला कोण ठेवतो ते आलं. या वेळी मी त्यांच्याबरोबर हसलो नाही, तेवढंच माझ्याच्यानं झालं.

"चावी दवर थंय," पात्रांव म्हणाले.

मी चावी टेबलावर ठेवली. ती काचेवर वाजली.

फाटकाबाहेर विष्णू त्याच्या मालकाची गाडी धूत होता. म्हणाला, "कितें रे, आयज इतल्या बेगीन?" तो आता कुठं जातो, मी विचारलं नाही. भिंत त्याच्यासाठीही उभी राहिली होती.

"बरं वाटत नाही," मी म्हणालो. "रजा घेतलीय."

डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून कोरगाव. बसमध्ये दोनदा लाट आली. एकदा उतरली. एकदा मी पेडण्याच्या स्टँडवर उतरलो. घरी पोचलो तेव्हा ही अंगणात काजीची बोंडं आणि बिया वेगळ्या करत बसली होती. हात चिकानं काळे. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. कुलूप, साय, चावी, फाटकाबाहेरचा विष्णू. या वेळी काही रंगवलं नाही. आता पुढं काय, तेही विचारलं. ती बोंडं पिळत होती. शाबासकी दिली नाही, धीरही दिला नाही.

"त्या विष्णूक काय सांगलात?"

"बरं नाही म्हटलं. रजा घेतली म्हटलं."

तिचे हात थांबले.

"आसा सांगू नकात," ती म्हणाली. "तेका नाय, कोणाकच नाय. उद्या वाड्यावरचे इचारतले, जावय इचारतलो. मुतूक जागा मागली म्हणान नोकरी गेली, असाच सांगा. मोठ्यान सांगा. लाज तुमची नाय ती. आणि पयलो फोन विष्णूक. आताच लावा, माझ्या म्होरान."